एका माणसाचा वर्ग

काटेवाल्याच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता शाळा भरायची. शिक्षिका एक, विद्यार्थी एक. शिक्षिका म्हणजे त्याची मुलगी आणि विद्यार्थी म्हणजे तो स्वतः, वय वर्षं एकोणसाठ.

दुकानाचं दार ओढून घेऊन तो साबणानं हात धुवायचा. कितीही चोळले तरी बोटांना पितळेचा वास राहायचाच. मग आतल्या खोलीत येऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर बसायचा. मुलगी कपाटाच्या दारावर खडूनं लिहायची. कपाट लोखंडी होतं आणि हिरव्या रंगाचं, त्यामुळे फळ्याचं काम भागायचं. फक्त मधे कडीपाशी आलं की तिला शब्द तोडावा लागायचा.

काटेवाला वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानदारांचे तराजू, भंगारवाल्यांचे मोठे काटे, टपाल कचेरीतला पार्सलांचा काटा, सगळे त्याच्या हाताखालून गेले होते. आता बहुतेकांकडे आकडे दाखवणारी मशिनं आली होती आणि ती बिघडली की लोक फेकून नवी आणत. तरी दिवस निघत होता. आकड्यांत त्याची चूक व्हायची नाही, पण शिक्षण म्हणाल तर सातवी. मुलगी भौतिकशास्त्राची पदवीधर. तिला विज्ञान शिकवायचं होतं, म्हणून पदवी झाल्याबरोबर तिनं पदवीधरांच्या शिक्षक प्रशिक्षणाला नाव घातलं. एक वर्षाचं काम. आठवड्यातले चार दिवस एका शाळेत अनुभवी बाईंच्या हाताखाली शिकवायचं, पाचव्या दिवशी प्रशिक्षण केंद्रात जायचं. प्रत्येक पाठाचं टाचण आदल्या दिवशी लिहून बाईंना दाखवायचं, कुठल्या मिनिटाला काय बोलणार इथपर्यंत. आणि वर्षाच्या शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर अंतिम पाठ. पास झाला की शिक्षिका. नापास झाला की आणखी एक संधी. तीही गेली की नाव कमी, आणि पुन्हा अर्ज करता येत नाही.

मुलगी एकदा नापास झाली होती. दुसरी संधी तीन आठवड्यांवर होती.

विद्यार्थी म्हणून काटेवाला पहिल्या प्रतीचा होता. एकटाच असल्यामुळे त्याला चार-पाच मुलांची कामं करावी लागत आणि ती तो मनापासून करी.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"

"आत्ताच सुट्टी संपली ना? बस खाली."

"बाई, हा माझी पट्टी देत नाही."

"कोण हा?"

"हा काय." तो खुर्चीच्या मोकळ्या हाताकडे बोट दाखवायचा.

मुलगी हसू दाबून म्हणायची, "बाबा, अहो, वर्गात एवढा दंगा नसतो."

"तुमच्या शाळेत नसेल. आमच्या शाळेत मास्तरांच्या खुर्चीखाली बेडूक सोडला होता."

"कुणी?"

"ते अजून सापडलं नाही."

हे सगळं त्याला जमायचं. पेंगणारा मुलगा जमायचा, प्रत्येक वाक्याला हात वर करणारा शहाणा जमायचा. एकच गोष्ट जमायची नाही. मुलगी खडू खाली ठेवून विचारायची, "समजलं?" आणि तिच्या कपाळावर ती दोन आठ्यांची खूण दिसायची, आईसारखी. मग त्याच्या तोंडून निघून जायचं, "समजलं. एकदम स्वच्छ समजलं."

खरं म्हणजे निम्म्याहून जास्त डोक्यावरून गेलेलं असायचं. पण पोरगी दिवसभर उभी राहून आलेली. घरी आल्यावर तरी तिला कुणी हो म्हणावं, एवढाच त्याचा हिशेब.

दहा महिन्यांपूर्वी ही खुर्ची त्याची नव्हती. दहा महिन्यांपूर्वी तिथे खुर्चीच नव्हती, शिलाई मशीन होतं, आणि मशीनवर त्याची बायको बसलेली असायची. ती एका कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलर शिवायची. घरी गठ्ठा यायचा, शिवून परत जायचा. प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा मुलीनं पहिला पाठ आईसमोरच घेतला, कारण आई जागची हलणार नव्हती आणि बाप दुकानात होता.

बायको चौथी शिकलेली. पण विद्यार्थी म्हणून ती महाकठीण होती. पाठ चालू असताना तिचं मशीन चालूच असायचं. समजत असलं की मशीन आपलं घरघर घरघर चालायचं. समजलं नाही की थांबायचं. ती काही बोलायचीसुद्धा नाही. पाय पायट्यावरून उचलायची, चष्म्यावरून मुलीकडे बघायची, बस्स.

"काय झालं आई?"

"मागे जा."

"किती मागे?"

"चमचा पाण्यात वाकडा दिसतो म्हणालीस तिथे. दिसतो ते मला माहीत आहे, रोज दिसतो. का दिसतो ते तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं की! प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या..."

"ते तू पुस्तकाला सांगितलंस. मला सांग."

कधीकधी मुलगी रडकुंडीला यायची. "आई, तू मुद्दाम करतेस." बायको म्हणायची, "मुद्दाम कशाला करू? चाळीस कॉलर राहिल्यात माझ्या. लवकर समजव म्हणजे मी मोकळी." काटेवाला दुकानातून हे ऐकत असायचा आणि मनात म्हणायचा, काय बाई आहे, पोरीला जरा शाबासकी द्यावी तर ते नाही.

एकदा पाठ इतका लांबला की बायकोनं मधेच दोन बाह्या उलट्या बाजूनं जोडल्या. कॉलरच्या गठ्ठ्यात बाह्या कुठून आल्या हे त्याला आजही कळलेलं नाही. तिघंही त्या दिवशी पोट धरून हसले होते.

पहिले चार महिने मुलीचे पाठ उत्तम गेले. मग बायको आजारी पडली आणि सतरा दिवसांत गेली.

मशीन त्यानं महिन्याभरानं बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि त्यावर चादर घातली. त्या जागी भिंतीवर मशीनच्या चाकाचा काळा डाग होता. तो झाकायला म्हणून त्यानं तिथे खुर्ची ठेवली. एक दिवस मुलगी हातात खडू घेऊन त्या मोकळ्या खुर्चीकडे बघत उभी असलेली त्याला दिसली, आणि तो जाऊन खुर्चीत बसला. तेव्हापासून वर्ग त्याचा.

पहिल्या अंतिम पाठाचा निकाल मुलीनं त्याला वाचून दाखवला होता. परीक्षकानं लिहिलं होतं, विषयाचं ज्ञान उत्तम, साधनं उत्तम, फळ्यावरचं अक्षर उत्तम. विद्यार्थ्यांना आकलन झाले की नाही याची खातरजमा केली नाही.

"म्हणजे काय गं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे मुलांना समजलं की नाही ते मी बघितलं नाही."

"असं कसं? तू तर दर पाच मिनिटांनी विचारतेस."

"तेच ना." ती कागदाची घडी घालत म्हणाली. "आमच्या बाई म्हणतात, तू वर्गाकडे बघत नाहीस. उभी राहतेस आणि कशाची तरी वाट बघितल्यासारखी करतेस. कान लावून."

काटेवाल्याला वाटलं, बाई काहीतरीच बोलतात. त्यानं मुलीला चहा करून दिला.

दुसऱ्या संधीसाठी विषय निवडायची मुभा होती. मुलीनं 'वस्तुमान आणि वजन' निवडला. काटेवाल्याची छाती फुगली.

"आता हा विषय म्हणजे घरचा," तो म्हणाला. "साधनं मी देतो."

आणि त्यानं खरंच दिली. त्याच्याकडे एक जुना पितळी तराजू होता, दोन पारड्यांचा, एका औषधवाल्यानं दुकान बंद करताना देऊन टाकलेला. तो त्यानं पूर्ण खोलला, दांडीच्या मधल्या धारेवरचा गंज काढला, साखळ्या चिंचोक्याएवढ्या ब्रशनं घासल्या. कागदाचा एक कपटा टाकला तरी काटा हलावा इतका तो हलका केला. तीन आठवड्यांतले दोन त्यातच गेले. शिवाय दोन ताणकाटे, म्हणजे आत स्प्रिंग असलेले, हुकाला वस्तू अडकवली की खाली खेचले जाणारे. एकावर किलोचे आकडे आधीच होते. दुसऱ्यावरचे मुलीनं बदलायला सांगितले.

"इथे एक आहे तिथे नऊ पूर्णांक आठ लिहा. दोनच्या जागी एकोणीस पूर्णांक सहा. वर न्यूटन लिहा."

"लिहितो. कशाला पण?"

"वजन न्यूटनमध्ये मोजतात. किलोत वस्तुमान."

"बरं."

तो जन्मभर किलोत वजन करत आला होता. त्यानं जिभेचं टोक दातांत धरून नवी पट्टी आखली, बारीक पेननं आकडे लिहिले, वर पारदर्शक चिकटपट्टी लावली. पट्टी इतकी सुबक झाली की कारखान्यात छापल्यासारखी दिसत होती. आकडे बरोबर होते. ते काय म्हणतात हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत मुलीनं तो पाठ त्याच्यासमोर अकरा वेळा घेतला. वस्तुमान कुठेही तेवढंच राहतं. वजन बदलतं. चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं. अकरा वेळा त्यानं हात वर केला, पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागितली, शेजारच्याशी पट्टीवरून भांडला, आणि अकरा वेळा शेवटी म्हणाला, समजलं.

त्याला मनातून काय वाटायचं ते त्यानं कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं, चंद्रावरची स्प्रिंग सैल पडत असेल.

पाठाच्या दिवशी तराजू एकटीला उचलणं शक्य नव्हतं. लाकडी पेटी, वर वजनांची थैली. म्हणून तो बरोबर गेला. बसमधे पेटी त्यानं मांडीवर धरली, वाटेत दोनदा उघडून आत सगळं जागेवर आहे ना ते पाहिलं.

"बाबा, तो कुठे पळून जात नाही," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

शाळेची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. तिला लागून साधनं ठेवायची लहान खोली, मधे एक दार. प्रयोगशाळेचं सगळं बघणारे एक वयस्क गृहस्थ होते. मुलं त्यांना मामा म्हणत, त्यामुळे शिक्षिकाही मामाच म्हणत. मामांनी टेबलावर तराजू लावायला मदत केली आणि पारडी स्थिर झाल्यावर जीभ टाळ्याला लावून टक् केलं.

"असं यंत्र मी या शाळेत पाहिलं नाही हो. आमच्याकडचा काटा तर कायम डावीकडे झुकलेला. मुलांना वाटतं पृथ्वीच तिरकी आहे."

मुलीच्या मार्गदर्शक बाई आल्या, त्यांनी काटेवाल्याला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुम्हाला वर्गात बसता येणार नाही, काका. नियम आहे. मामांच्या खोलीत बसा."

मग परीक्षक आले. उंच, सावकाश चालणारे, हातात एक पातळ वही. मागोमाग मुलं आली, पस्तीसेक. मामांनी मधलं दार लावून घेतलं.

"आता तास संपेपर्यंत हे उघडायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मागे एकदा एका छात्रशिक्षकाची बायको पाठ चालू असताना डबा द्यायला आत गेली. परीक्षकांनी पाठच रद्द धरला. बसा, हे स्टूल घ्या. पाय मोडका आहे, भिंतीला टेकून बसा."

दार पातळ होतं. सगळं ऐकू येत होतं.

सुरुवात झकास झाली. मुलीनं पारड्यात दगड ठेवला, दुसऱ्यात वजनं. एक मुलगा कागदाचा कपटा टाकायला पुढे आला, काटा हलला, वर्ग "ओऽऽ" म्हणाला. काटेवाल्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी अंगठा दाखवला. मग ताणकाटे निघाले. तोच दगड आधी एकाला लावला, मग दुसऱ्याला. एका मुलीनं आकडे वाचले. काटेवाला ओठांतल्या ओठांत आपल्या मुलीच्या पुढे धावत होता. आता चंद्र येणार. आला. एक षष्ठांश. आता ती फळ्यावर दोन रकाने आखणार. खडूचा आवाज आला. त्याला सगळा पाठ पाठ होता.

"बाई," आतून एक आवाज आला. एका विद्यार्थिनीचा, जरा घोगरा.

"बोल."

"हे दोन्ही काटे सारखेच आहेत ना? दोन्हीत स्प्रिंगच आहे."

"हो."

"मग एकावर किलो लिहिलंय आणि एकावर न्यूटन. तो किलोवाला काटा वस्तुमान मोजतो की वजन?"

काटेवाला ताठ झाला. हे टाचणात नव्हतं. अकराच्या अकरा वेळा हे कधी आलं नव्हतं.

 मग त्याच्या मुलीचा आवाज आला, नेहमीपेक्षा चढा आणि भरभर. "चांगला प्रश्न आहे. तो मोजतो वजनच, म्हणजे बल, पण पृथ्वीवर गुरुत्वत्वरण जवळजवळ सगळीकडे सारखं असल्यामुळे त्या बलाला नऊ पूर्णांक आठनं भागून पट्टीवर किलोग्रॅम लिहिलेले असतात, म्हणून तो पृथ्वीवरच बरोबर आणि चंद्रावर चूक दाखवेल, तराजू मात्र तुलना करतो म्हणून तो दोन्हीकडे बरोबर. समजलं?"

"होऽऽ," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

आणि दाराच्या अलीकडे, मोडक्या स्टुलावर बसून, काटेवाल्यानंही मान हलवली.

मामा त्याच्याकडे बघत होते. "तुम्हाला समजलं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "मग मलाही सांगा की. तीस वर्षं हा पाठ ऐकतोय दर साली. कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघतोय."

काटेवाल्यानं तोंड उघडलं. दोन्ही काटे त्यानं स्वतःच्या हातांनी खोलले होते. ती पट्टी त्यानं स्वतः आखली होती. स्प्रिंग किती ताणली की किती आकडा, हे त्याच्या बोटांना झोपेतही सांगता आलं असतं. पण मामांना सांगायला त्याच्याजवळ एक शब्द नव्हता. त्यानं तोंड मिटलं.

आत मुलगी पुढे गेली होती. ती फळ्यावर गृहपाठ लिहीत असावी.  त्याला एकदम कळलं की आत आत्ता जे झालं ते आठ महिने रोज संध्याकाळी सात वाजता त्याच्या घरी होत होतं. ती विचारायची, तो हो म्हणायचा, ती पुढे जायची. पस्तीस पोरांनी वेगळं काही केलं नव्हतं. त्यांनी त्याचीच री ओढली होती.

त्याची जन्माची खोडच ती. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून बायकोच्या पोटात काय झालंय ते दाखवलं होतं, दोन नळ्या, मधे एक बाण. समजलं ना, असं त्यांनी विचारलं आणि तो हो म्हणाला. परत खाटेपाशी आल्यावर बायको म्हणाली, "काय म्हणाले?" त्याला काही सांगता येईना. "अहो, मग परत विचारायचं होतं," ती म्हणाली. "ते काय खाणार होते का तुम्हाला?" तो परत गेला तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.

आत परीक्षकांचा आवाज आला. शांत, अगदी सौम्य. "मी एक विचारू का? तू, प्रश्न विचारलास ती. काय समजलं तुला?"

शांतता.

"बरं, शेजारचा. तू सांग."

शांतता.

"कुणीही सांगा. चुकलं तरी चालेल."

काटेवाला उठला. स्टूल भिंतीवर घासलं. त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. त्याला वाटत होतं, आत जावं आणि म्हणावं, पोरी, थांब. मागे जा. मला नाही समजलं, कधीच नाही समजलं, तू परत सांग, सावकाश सांग, पाच मिनिटं आहेत अजून. हे वाक्य त्याच्याकडे पूर्ण तयार होतं. आठ महिने लागले होते त्याला तयार व्हायला.

मामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "काका," ते म्हणाले, "आता उघडलंत तर होतं तेही जाईल."

तो तसाच उभा राहिला.   पलीकडे त्याची मुलगी कशाची वाट बघत उभी असेल ते त्याला माहीत होतं. मशीनची जी घरघर थांबली की तिला कळायचं, ती आता नव्हतीच, मग थांबणार काय? ती नुसती उभी असणार, कान लावून.

घंटा झाली.

मुलं गेल्यावर परीक्षक आणि मार्गदर्शक बाई वरच्या खोलीत गेले. अर्ध्या तासानं मुलीला बोलावलं. काटेवाल्यानं तेवढ्या वेळात तराजू उतरवला, साखळ्या कापडात गुंडाळल्या, वजनं मोजून थैलीत भरली आणि थैली पेटीत ठेवली. हाताला काम होतं ते संपलं. मामांनी चहा आणला, तो त्यानं घेतला आणि हातात धरूनच थंड केला.

आधी बाई खाली आल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण त्या कामाच्या आवाजात बोलल्या.

"नाही झालं, काका. मी भांडून बघितलं. पण मलाही खोटं बोलता येईना."

"आणखी एक पाठ..."

"नियम नाही. दोनच." त्या थोडा वेळ टेबलावरचा खडूचा चुरा बोटानं गोळा करत राहिल्या. "मला एक कळत नाही. पहिले चार महिने माझ्या हाताखाली आलेल्या सगळ्यांत ही उजवी होती. मुलाच्या चेहऱ्यावरून ओळखायची, इथे अडलाय म्हणून. मग आई गेल्या, ते मला माहीत आहे, तेव्हा विस्कटणारच. पण विषयाची तयारी तर आणखी पक्की झाली होती. घरी सराव करायची ना?"

"हो, रोज."

"कुणी ऐकायचं का तिचा पाठ?"

"मी," काटेवाला म्हणाला. "मी ऐकायचो."

"छान करायचात," बाई म्हणाल्या आणि त्याच्या खांद्याला हात लावून गेल्या.

बस थांब्यावर दोघंच होते. दुपारचं ऊन बाकावर अर्धं पडलं होतं. पेटी त्यानं दोन पायांच्या मधे ठेवली. मुलगी रस्त्याकडे बघत होती. ती रडली नव्हती. रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं, पाठीवर हात फिरवता आला असता.

तो म्हणाला, "चूक माझी आहे."

"तुमची कशी?"

"मला समजायचं नाही. मी नुसतं हो म्हणायचो."

तिनं मान वळवली नाही. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला समजायचं नाही ते. बाबा, तुमचा चेहरा काही लपतो का? काटा नीट झालेला नसताना ग्राहकाला झाला म्हणून सांगता, तेव्हा तुमचे कान लाल होतात."

"मग बोलली का नाहीस? म्हणायचंस, खरं सांगा."

"तुम्ही नाही म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर आईची आठवण झाली असती. मधेच थांबवलं असतंत ना, तिच्यासारखं, तर मी पुढे शिकवूच शकले नसते. म्हणून मीही पुढे जायचे. मला बरं वाटायचं तुम्ही हो म्हणालात की. आपलं संपलं एकदाचं, असं."

 म्हणजे त्या खोलीत दोघंही एकमेकांना सांभाळत होते, आणि कुणीच कुणाला शिकवत नव्हतं.  यावर काय बोलायचं ते बायकोला सुचलं असतं. ती काहीतरी टोचून बोलली असती आणि मुलगी चिडली असती, आणि चिडली असती तर बरं झालं असतं.

"आता काय करायचं ठरवलंस?" त्यानं विचारलं.

"काही नाही ठरवलं."

"दुसरं कुठलं केंद्र..."

"बाबा."

"बरं."

समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पाणी शिंपडून आत गेला. बस येत नव्हती. काटेवाल्यानं पेटीचं झाकण उघडलं, उगाच, आणि वरच ठेवलेला तो किलोचा ताणकाटा हातात घेतला. हूक ओढला, सोडला. ओढला, सोडला. स्प्रिंग चांगली होती. त्याच्या डोक्यात त्या घोगऱ्या आवाजाच्या पोरीचा प्रश्न घर करून बसला होता. आता परीक्षा संपली होती, आता कुणाला खूश करायचं नव्हतं आणि कुणाचं काही वाचवायचं नव्हतं. त्याला नुसतंच खरोखर जाणून घ्यायचं होतं. असं त्याला सातवीनंतर कधी वाटलं नव्हतं.

"ए," तो म्हणाला, "ह्याच्यावर किलो लिहिलंय. आणि तू म्हणतेस हा किलो मोजत नाही. मग मी चाळीस वर्षं काय मोजत होतो? मला नाही समजलं. पहिल्यापासून सांगशील?"

मुलीनं त्या काट्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, कानांकडेसुद्धा. तिचा हात थोडा पुढे आला, जणू काटा घ्यायला, आणि परत मांडीवर गेला.

"आज नको, बाबा," ती म्हणाली.

"उद्या?"

ती उठून बस येतेय का ते बघायला रस्त्याच्या कडेला गेली.

बस आली तेव्हा गर्दी होती. मुलीला खिडकीजवळ जागा मिळाली. काटेवाल्याला मागे दाराजवळ उभं राहावं लागलं, पेटी दोन पायांत आवळून. बस वळली की आतली वजनं एकमेकांवर आपटत होती. थैलीचं तोंड बांधायचं राहिलं होतं, आणि एवढ्या गर्दीत त्याला खाली वाकता येत नव्हतं.